उशीर आणि धीर

आज ज्या विषयावर मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें, त्याचा माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराशीं संबंध तो काय, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहील. वैद्यकाच्या नव्या उपकरणांची माणसांवर चाचणी होते; त्या चाचणीला ठरल्यापेक्षां अधिक काळ लागतो; आणि त्या उपकरणांत ज्यांनीं पैसा घातलेला असतो, त्यांचा धीर सुटूं लागतो. हा धीर किती असावा, कोणाला असावा आणि कोठें संपावा, हा आजचा विषय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला; जन्म गणित शिकविण्यांत गेला. वैद्यकशास्त्राचा वा अर्थशास्त्राचा मला अधिकार नाहीं. परंतु गेल्या दोन वर्षांत या प्रश्नानें माझ्या घराचा उंबरठा ओलांडला, आणि घरांत आलेल्या पाहुण्याची ओळख करून घेणें हें गृहस्थाचें कर्तव्यच आहे.

झालें तें असें. निवृत्त होतांना हातीं आलेल्या पैशांपैकीं कांहीं रक्कम माझ्या भाच्याच्या सल्ल्यानें मीं एका लहानशा कंपनीच्या शेअरांत गुंतविली. कंपनीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ती एक वैद्यकीय उपकरण तयार करीत होती, आणि त्याची रुग्णांवरील चाचणी दिवाळीपर्यंत पुरी होईल, असें तिनें भागधारकांस कळविलें होतें. दिवाळी आली; चाचणी पुरी झाली नाहीं. नवी तारीख पाडव्याची मिळाली. पाडवाही गेला. तिसरी तारीख आली तेव्हां शेअरचा भाव निम्म्यावर आला होता, आणि माझा संयम त्याच्याही खालीं. मीं कंपनीला एक कडक पत्र लिहिलें. सातव्या इयत्तेंतील आळशी मुलाच्या पालकांना लिहावें, तशा थाटाचें तें पत्र होतें.

उत्तर आलें, आणि तें सभ्य होतें. तपासलेल्या दर दहा रुग्णांपैकीं सात जण चाचणीच्या अटींत बसत नाहींत, अटी सैल केल्या तर चाचणी लौकर संपेल, परंतु मग तिच्या निष्कर्षावर विश्वास कोणी ठेवावा, अशा आशयाचा तो मजकूर होता. मीं तो वाचला आणि 'सबबी सांगण्यांत हे हुशार आहेत' असें म्हणून कागद फडताळांत टाकून दिला.

त्याच पावसाळ्यांत आमच्या मंडळींना दोन-तीन वेळां भोंवळ आली. हृदयाचे ठोके मंद पडत होते; डॉक्टरांनीं पेसमेकर बसविण्याचा सल्ला दिला. हे डॉक्टर एके काळचे माझेच विद्यार्थी. मीं त्यांना विचारलें, "हें यंत्र नीट पारखलेलें आहे ना? घाईघाईनें बाजारांत आणलेलें नाहीं ना?" ते हंसून म्हणाले, "गुरुजी, याची पारख होण्यांत वर्षें गेलीं आहेत. आपण निश्चिंत असा." मी निश्चिंत झालों. परंतु रिक्षांतून घरीं येतांना मला माझें तें पत्र आठवलें. भागधारक म्हणून मी ओरडत होतों, 'लौकर आटपा'. आणि रुग्णाचा नवरा म्हणून विचारीत होतों, 'घाई तर केली नाहीं ना?' एकाच माणसाचीं हीं दोन तोंडें पाहून मला माझीच लाज वाटली, आणि त्या दिवसापासून मीं या विषयावर मिळेल तें वाचावयास घेतलें.

प्रथम, हा वेळ जातो कोठें तें पाहूं. औषधाची गोळी कोणीही दिली तरी गोळी तीच असते. उपकरणाची गोष्ट तशी नाहीं. तें बसविणारा हात नवखा असेल तर उत्तम उपकरणही वाईट ठरतें. म्हणून आधीं हात शिकवावे लागतात. रुग्णालयाच्या नीतिसमितीची संमति घ्यावी लागते. सरकारची परवानगी घ्यावी लागते. आपल्या देशांत वैद्यकीय उपकरणांसाठीं २०१७ सालीं स्वतंत्र नियम झाले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून अमलांत आले. नव्या उपकरणाच्या चाचणीला अशी परवानगी त्यांतही सांगितली आहे. त्यानंतर रुग्ण मिळवावयाचे. रोग ठराविक प्रमाणांत असलेला, दुसरी मोठी व्याधि नसलेला, आणि सर्व समजून घेऊन स्वखुशीनें 'हो' म्हणणारा माणूस पाहिजे. तो पैसे टाकून बाजारांतून आणतां येत नाहीं. बरें, सर्वांनाच उपकरण लावून भागत नाहीं. कांहींना लावावयाचें, कांहींना नाहीं, आणि कोणाच्या वांट्याला काय यावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपवावयाचें. तरच तुलना खरी होते. शेवटीं, सहा महिन्यांनीं रुग्णाची स्थिति कशी राहते हें पाहावयाचें असेल, तर सहा महिने थांबावेंच लागतें. अढींतला आंबा रोज काढून दाबून पाहिला तर तो लौकर पिकत नाहीं, नासतो मात्र.

आतां दुसरी बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. भांडवल घालणारा मनुष्य केवळ लोभी म्हणून उतावळा होतो, असें नाहीं. चाचणी लांबली तरी पगार थांबत नाहींत, भाडें थांबत नाहीं, रुग्णांच्या तपासण्यांचा खर्च थांबत नाहीं. पेटंटाची वीस वर्षांची मुदत अर्ज केल्या दिवसापासून धांवूं लागते. कांहीं देशांत थोडी भरपाई मिळते, तरी चाचणींत गेलेलें वर्ष हें बहुधा विक्रीच्या वर्षांतूनच वजा होतें. अशा नव्या उद्योगांना पैसा पुरविणारे जे निधि असतात, त्यांचें आयुष्य सामान्यतः दहा वर्षांचें. तेवढ्यांत त्यांना पैसे घालून, वाढवून, ज्याचे त्याला परत करावयाचे असतात. तेव्हां उशिराची किंमत आहे, आणि ती कोणीतरी रोख मोजीत असतो. प्रश्न एवढाच कीं, ती मोजून हातीं काय येतें?

याचें उत्तर देणारी एक खरी हकीकत आहे. रक्तदाब वाढण्यांत मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा हात असतो, हें डॉक्टरांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत, रक्तदाबावर चांगलीं औषधें नव्हतीं तेव्हां, बॉस्टन येथील डॉ. स्मिथविक यांच्यासारखे शल्यविशारद पाठीच्या कण्याजवळचे असे मज्जातंतू कापीत असत. रक्तदाब उतरे, पण शस्त्रक्रिया मोठी, आणि उभें राहतांच घेरी येण्यासारखे त्रास मागें उरत. पुढें औषधें आलीं आणि ती शस्त्रक्रिया मागें पडली. २००३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत आर्डियन नांवाची कंपनी निघाली. मांडीच्या धमनींतून एक बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत न्यावयाची, आणि तिच्या टोंकांतून विद्युल्लहरींची ऊब देऊन धमनीभोंवतालचे मज्जातंतू निकामी करावयाचे, ही तिची युक्ति.

युक्ति चालली. २००९ सालीं मेलबर्नचे प्राध्यापक हेन्री क्रम व त्यांचे सहकारी यांनीं ४५ रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. २०१० सालीं १०६ रुग्णांची दुसरी चाचणी त्याच नियतकालिकांत आली. औषधांना न जुमानणारा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरीनें ३२ मिलिमीटरांनीं उतरला होता. ज्यांना हा उपचार मिळाला नव्हता त्यांचा रक्तदाब जेथल्या तेथें होता. बाजारांत आनंदीआनंद झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मेड्ट्रॉनिक या मोठ्या कंपनीनें आर्डियनला ८० कोटी डॉलर रोख, आणि पुढें विक्री वाढेल त्या मानानें आणखी, अशा बोलीनें विकत घेण्याचें जाहीर केलें. पहिले भांडवलदार सात वर्षांत आपलें फळ घेऊन बाहेर पडले. युरोपांत तर या उपचाराला परवानगी मिळालेलीच होती.

परंतु श्रोतेहो, एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता. ज्यांना उपचार मिळाला त्यांना तो मिळाल्याचें ठाऊक होतें. ज्यांना मिळाला नाहीं त्यांनाही तें ठाऊक होतें. आपल्यावर कांहीं मोठा इलाज झाला आहे, या समजुतीनेंच मनुष्याचा रक्तदाब कांहीं अंशीं उतरतो, तो औषधें नेमानें घेऊं लागतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग उतरलेल्या बत्तिसांपैकीं मज्जातंतूंचे किती आणि मनाचे किती? अमेरिकेंत परवानगी मिळविण्यासाठीं जी चाचणी झाली, तींत हा प्रश्न विचारला गेला. ८८ केंद्रांत १४४१ रुग्ण पाहिले, तेव्हां त्यांतून ५३५ निवडतां आले. सर्वांच्या धमनींत नळी घातली, सर्वांच्या धमन्यांचीं चित्रें घेतलीं. दर तिघांपैकीं दोघांचे मज्जातंतू खरोखर भाजले, तिसऱ्यावर लुटुपुटीचा उपचार करून नळी बाहेर काढली. आपण कोणत्या गटांत, हें रुग्णाला सांगितलें नाहीं.

९ जानेवारी २०१४ रोजीं निकालाची पहिली वार्ता आली. उपचार सुरक्षित होता. पण खऱ्या उपचारानें रक्तदाब सुमारें १४ मिलिमीटरांनीं उतरला, आणि लुटुपुटीच्या उपचारानें सुमारें १२ नीं. अंतर अडीच मिलिमीटरांहूनही कमी. चाचणी फसली. या क्षेत्रांत उतरलेल्या दुसऱ्या कंपन्यांनीं काढता पाय घेतला. कोव्हिडियननें त्याच सुमारास आपला असाच उद्योग गुंडाळला.

येथें भागधारकाच्या धीराची खरी कसोटी लागली. मेड्ट्रॉनिकनें काम सोडलें नाहीं, पण 'चाचणीच वाईट होती' असें म्हणून जुनेंच घोडें पुढेंही दामटलें नाहीं. फसलेल्या चाचणीचा कागदन् कागद तपासला गेला. असें दिसून आलें कीं, शंभरावर डॉक्टरांनीं ते उपचार केले होते आणि त्यांतील कित्येकांनीं उभ्या चाचणींत एकच केला होता. पुष्कळ रुग्णांचीं औषधें मधल्या मधें बदललीं होतीं. मग नळी नवी केली, एकाऐवजीं चार टोंकांनीं ऊब देणारी. थोडे आणि अनुभवी हात निवडले. ज्या रुग्णांना चालेल त्यांचीं औषधें आधीं बंद ठेवून, आणि रक्तदाब दिवसरात्र यंत्रानें मोजून, नवी चाचणी मांडली. लुटुपुटीचा गट मात्र काढून टाकला नाहीं, आणि माझ्या मतें या सर्व कथेंतील मोठेपणाची गोष्ट तीच. २०१७ सालीं ८० रुग्णांचा निकाल आशादायक आला. २०२० सालीं ३३१ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. चोवीस तासांच्या मोजणींत खऱ्या आणि लुटुपुटीच्या उपचारांत ४ मिलिमीटरांचें अंतर होतें. दवाखान्यांतील मोजणींत साडेसहाच्या आसपास.

तरीही वाट सरळ नव्हती. औषधें चालू ठेवून केलेल्या चाचणीच्या मध्येंच करोनाची महासाथ आली; तिचा निकाल २०२२ च्या नोव्हेंबरांत लागला तेव्हां मुख्य कसोटींत ती उतरली नाहीं. तुलनेच्या गटांतील रुग्णांनीं औषधें अधिक घेतल्याचें आढळलें. तज्ज्ञांच्या समितींत मतें जवळजवळ समसमान दुभंगलीं. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें प्रथम रेकॉर या दुसऱ्या कंपनीच्या ध्वनिलहरींवर चालणाऱ्या उपकरणाला, आणि दहा दिवसांनीं मेड्ट्रॉनिकच्या उपकरणाला परवानगी दिली. आर्डियन निघाल्याला वीस वर्षें झालीं होतीं. ती विकत घेतल्याला तेरा.

आतां हिशेब करूं. या उशिरानें परवानगी आणली, एवढेंच म्हणणें अपुरें होईल. त्यानें खरा आंकडा आणला. प्रारंभीं बत्तीस दिसत होते. प्रामाणिकपणें मोजल्यावर चार-सहा उरले. चार-सहा म्हणजे कांहींच नव्हे, असें मी म्हणत नाहीं. कित्येक रुग्णांना तेवढाही आधार मोलाचा असतो. परंतु बत्तिसांच्या आशेनें शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणें आणि चार-सहांच्या माहितीनें जाणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज जो रुग्ण हा उपचार घेईल, तो डोळे उघडे ठेवून घेईल. आणि आरंभींच तो एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित् कित्येक वर्षें वांचलीं असतीं. घाईनें गाळलेली पायरी पुढें परत येऊन चढावी लागते, हें गणिताच्या वर्गांत मीं पस्तीस वर्षें पाहिलें आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, मग काय डोळे मिटून वाट पाहत बसावें? कंपनीनें तारीख पुढें ढकलली कीं टाळ्या वाजवाव्या?" मुळींच नाहीं. ज्या २००३ सालीं आर्डियन निघाली, त्याच सालीं त्याच कॅलिफोर्नियांत थेरानॉस नांवाची दुसरी कंपनी निघाली. बोटांतून घेतलेल्या रक्ताच्या थोड्या थेंबांवर शेंकडों तपासण्या करून दाखवूं, असा तिचा दावा. तिलाही भांडवलदारांनीं वर्षानुवर्षें धीर दाखविला. ७० कोटींहून अधिक डॉलर तिच्यांत ओतले. पण यंत्र झांकलेलें, आणि दाव्याची परीक्षा करतां येईल असें फारसें कांहीं वैद्यकीय नियतकालिकांत आलेलें नव्हतें. २०१५ च्या ऑक्टोबरांत 'वॉल स्ट्रीट जर्नल'नें तो पडदा बाजूला केला. २०१८ सालीं कंपनी संपली. तिच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स या भांडवलदारांना फसविल्याबद्दल जानेवारी २०२२ मध्यें दोषी ठरल्या आणि त्याच वर्षीं त्यांना अकरा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. तेथें धीर होता, पण तो आश्वासनाला दिलेला होता. धीर द्यावयाचा तो प्रश्नाला द्यावा, आश्वासनाला देऊं नये.

यावरून माझ्यापुरते मीं तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. उशिराचें कारण कंपनी स्पष्ट सांगते काय? किती रुग्ण पाहिले, किती घेतले, किती राहिले, हे आंकडे देते काय? उशीर झाला म्हणून चाचणीची मूळ कसोटी तिनें गुपचूप सोपी तर केली नाहीं ना? पहिल्या दोहोंचें उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचें 'नाहीं' असेल, तर थांबावयास हरकत नाहीं. मौन असेल, किंवा दर वेळीं नवी तारीख आणि नवाच गुण ऐकूं येत असेल, तर थांबूं नये.

आणि चौथा प्रश्न मात्र कंपनीला नव्हे, स्वतःला विचारावयाचा. धीर हा माणसाचा गुण समजतात; मला तो पैशाचाही गुण वाटतो. मेड्ट्रॉनिक १९४९ पासूनची कंपनी. तिची दुसरीं अनेक उपकरणें विकलीं जात होतीं, म्हणून एका चाचणीच्या अपयशानें तिच्या घरची चूल विझली नाहीं. ज्या लहान कंपनीजवळ एकच उपकरण आणि वर्षभराचाच पैसा, तिनें कितीही मनोनिग्रह केला तरी ती थांबूं शकत नाहीं. कुटुंबाचेंही तसेंच आहे. मुलाच्या शिक्षणाचा पैसा, आजारपणाचा पैसा, घराच्या दुरुस्तीचा पैसा हा उतावळाच असतो. त्याला तारखा ठरलेल्या असतात. असा पैसा चाचणीवर अवलंबून असलेल्या उद्योगांत घालून मग कंपनीनें घाई करावी म्हणणें, म्हणजे आपली अडचण अनोळखी रुग्णाच्या शरीरावर ढकलणें होय.

हें मला कळलें तेव्हां मीं माझा हिशेब पाहिला. मीं जी रक्कम गुंतविली होती, तींतील निम्मी पुढच्या वर्षीं घराचें गळकें छप्पर बदलण्यासाठीं लागणार होती. भाचा म्हणाला, "मामा, आतां विकलेंत तर तोटा होईल. आणखी थोडें थांबा." मीं म्हणालों, "अरे, मी थांबेन. पाऊस थांबणार नाहीं." निम्मे शेअर मीं तोटा सोसून विकले. कंपनी उशीर करते म्हणून नव्हे. तो पैसा मुळांत तेथें घालावयाचाच नव्हता म्हणून. उरलेले निम्मे ठेवले आहेत. त्यांचें कांहींही झालें तरी आमच्या ताटांतली भाकरी कमी होणार नाहीं.

नंतर फडताळांतून तें उत्तर काढून पुन्हा वाचलें. दहांतले सात गाळले, असें त्यांनीं लिहिलें होतें. उत्तरपत्रिका तपासतांना पालकांच्या तगाद्यापुढें न वांकणाऱ्या परीक्षकाचा मला नेहमींच आदर वाटत आलेला आहे. त्यांनीं दुसरें काय केलें होतें? मीं कंपनीला दुसरें पत्र लिहिलें. पहिल्या पत्रांतील भाषेबद्दल क्षमा मागितली, आणि पुढची तारीख कळवितांना किती रुग्ण झाले तेंही अवश्य कळवावें, अशी विनंति केली.

चाचणी अजून चालूच आहे. आमच्या मंडळींची प्रकृति उत्तम आहे.